टाकीत बाटली ओतून व्हॉल्व्ह साफ होत नाहीत, दादा

प्रश्न : माझी १.० टीएसआय पेट्रोल गाडी, ६५ हजार किलोमीटर झालेत. सकाळी चालू केली की मिनिटभर थरथरते, मिस मारते, मग गरम झाली की ठीक. यवतेश्वरच्या घाटात पिकअप पण पहिल्यासारखा राहिला नाही. गॅरेजवाल्यानं टाकीत क्लीनरच्या दोन बाटल्या ओतल्या, काही फरक नाही. आता म्हणतोय हायड्रोजन मारू, म्हणजे इंजिनात हायड्रोजन गॅस सोडून कार्बन साफ करू. मारू का? घर ते पोवई नाका, रोज दोन किलोमीटर, एवढंच चालवणं.
— एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, थांबा, अजून पैसे घालू नका. तुमच्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं. जुन्या पद्धतीच्या गाडीत पेट्रोल फवारणारा इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये असतो, तो इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेच्या, पाठीवरच पेट्रोल मारतो, म्हणजे व्हॉल्व्ह रोज आपोआप धुतला जातो, तुमच्याकडं त्या व्हॉल्व्हवरून नुसती हवा जाते आणि त्या हवेबरोबर इंजिनातली ऑइलची वाफ ब्रीदरच्या पाईपमधून येते, ती गरम व्हॉल्व्हवर भाजून काळी खपली धरते. मग टाकीत ओतलेलं क्लीनर तिथं पोचणार कुठून? इंजेक्टर साफ करेल फारतर. दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, त्यानं अजून भर पडते.

पण लगेच इंजिन खोलायला पण सांगू नका. आधी प्लग बघा, प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर अदलाबदल करून बघा, मिस मारणं कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेलं तर दोष कॉइलचा. तसं नसेल तर मॅनिफोल्ड काढून किंवा बारीक कॅमेरा आत घालून व्हॉल्व्ह तुमच्या डोळ्यांनी बघा, फोटो मागा, मी तर गिऱ्हाईकाला फोटो दाखवल्याशिवाय पुढं हातच लावत नाही.

खपली जाड असेल तर माझ्या मते खरा इलाज एकच, अक्रोडाच्या टरफलाचा भुगा. मॅनिफोल्ड काढायचा, कंप्रेसरच्या हवेनं तो भुगा व्हॉल्व्हवर मारायचा आणि त्याच वेळी व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचा. टरफल कार्बन सोलण्याइतकं कडक असतं पण धातूपेक्षा मऊ, म्हणून व्हॉल्व्हला ओरखडा येत नाही. वाळू मात्र कुणी मारू म्हणालं तर गाडी तिथून हलवा. यातली जीव लावून करायची गोष्ट एक, ज्या सिलिंडरवर काम चाललंय त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद पाहिजेत. सगळ्या सिलिंडरचे एकदम बंद होत नाहीत, म्हणून क्रँक हातानं फिरवून एकेक सिलिंडर घ्यावा लागतो, घाईत एक जरी उघडा राहिला की भुगा आत आणि मग इंजिनच खोलायची वेळ. म्हणून विचारायला लाजू नका, "व्हॉल्व्ह बंद बघितलेत का" असं सरळ विचारा. मॅनिफोल्ड बसवताना गॅस्केट नवीन.

भुग्याची मशीन जवळपास नसेल तर सॉल्व्हंट ओतून भिजवून नायलॉनच्या ब्रशनं घासणं हा हाताचा मार्ग, चालतो, पण वेळखाऊ. व्हॉल्व्ह बंद ठेवायचे इथंपण, आणि तरी थोडं आत झिरपलंच असेल तर ते ओढून काढल्याशिवाय सेल मारायचा नाही, सिलिंडरमध्ये पातळ राहिलं तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ड्रिलला तारेचा ब्रश लावू देऊ नका, तारा तुटून आत पडतात.

चालू इंजिनमध्ये हवेच्या पाईपमधून स्प्रे मारतात तो थर पातळ असताना ठीक, जाड खपलीचा तुकडा सुटला तर तो सिलिंडरमधून टर्बोकडं, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याकडं जातो. आणि हायड्रोजन, कॅमेऱ्यानं आधी-नंतर बघून सांगतो, व्हॉल्व्ह साफ झालेला मी तरी अजून पाहिला नाही.

पुढं गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला आणि वेळेवर बदला, आठवड्यातून एकदा महामार्गावर तासभर नीट चालवून आणा. त्यानं थर बसायचा वेग कमी होईल, पूर्ण थांबणार नाही.

प्रश्न : आमची जुनी वॅगन आर, मलापण गॅरेजवाल्यानं व्हॉल्व्हची खपली काढायचं हेच काम करायला सांगितलंय. करू का?
— एक वाचक, विटा

उत्तर : ताई, नको. तुमच्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हवरच पडतं, तिथं तुमचं पंपावरचं पेट्रोलच काम करतंय. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू राहायला, त्रास असेल तर आधी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनाची हवा कमी-जास्त करणारं दार, साफ करून घ्या, एअर फिल्टर आणि प्लग बघा. थ्रॉटल साफ केल्यावर काही गाड्यांना आयडल पुन्हा सेट करावं लागतं, ते गाडी ताब्यात घ्यायच्या आधी तिथंच करून घ्या.