अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रामीण कृष्णवर्णीय कुटुंबाच्या चार-पाच पिढ्या कशा शोधायच्या?

1950 च्या जनगणनेपासून दहा-दहा वर्षं मागे जात 1870 गाठा. त्याआधीचा माग मात्र बहुतेक वेळा गुलाम-मालकाच्या कागदपत्रांतून काढावा लागतो. कारण गुलामगिरीतून सुटलेल्यांची नावं जनगणनेत पहिल्यांदा 1870 लाच आली. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आणि त्याखाली बहुतेक नुसतं वय, लिंग, कातडीचा रंग. वाचताना जीव तुटतो. म्हणून काउंटी न्यायालयातली मृत्युपत्रं आणि वारसावाटपाचं दप्तर पाहा, तिथे माणसं नावानिशी वाटून दिलेली सापडतात. फ्रीडमेन्स ब्यूरोचे (गुलामगिरीतून सुटलेल्यांना मदत करणारं तेव्हाचं सरकारी खातं) मजुरीचे करारही बघाच, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. 1890 ची जनगणना जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे, तिथे थेट 1880 वर जा. फक्त कुटुंबाचं आडनाव शेवटच्या मालकाचंच असेल, असं धरून चालू नका.