घरी कोण चाललं होतं, तुम्ही की पाऊस?

प्रश्न : मुलगी-जावई नेदरलँड्समध्ये, आइन्डहोवनला असतात. नातवाशी बोलता यावं म्हणून सत्तरीत डच शिकायला घेतलं. ‘घरी जाताना पाऊस सुरू झाला’ हे मी ‘नार हाउस लोपन्द बेखॉन हेत ते रेखनन’ असं लिहून पाठवलं. मुलगी म्हणे, बाबा, पाऊस घरी चालला होता का? माझं काय चुकलं?
– एक केळी बागायतदार, फैजपूर

उत्तर : काका, तुमची मराठी आडवी आली. आपल्या ‘-ताना’ला कर्त्याची फिकीर नसते. जाणारे तुम्ही, सुरू होणारा पाऊस, तरी वाक्य बिनतक्रार चालतं. डचमधलं ‘लोपन्द’, म्हणजे ‘चालताना’, मात्र मुख्य वाक्याचा कर्ताच आपला मानतं. आपल्याकडे हा सोवळेपणा ‘-ऊन’ पाळतो : ‘मी घरी जाऊन पाऊस पडला’ असं भुसावळच्या फलाटावरही कुणी म्हणणार नाही. (‘त्याला जाऊन दोन वर्षं झाली’ हे चालतं, पण तो अपवाद.) तेव्हा ‘लोपन्द’ला ‘-ऊन’चा भाऊ समजा.

कर्ते दोन असले की सरळ ‘तर्वैल’ घ्या, म्हणजे ‘जेव्हा, त्या वेळी’ : ‘तर्वैल इक नार हाउस लीप, बेखॉन हेत ते रेखनन.’ ‘लीप’, म्हणजे ‘चालत होतो’, पोटवाक्याच्या शेवटी गेलं, अगदी आपल्यासारखं. पुढे मात्र ‘बेखॉन’ (सुरू झालं) आधी आणि कर्ता ‘हेत’ (ते) नंतर. मुख्य वाक्यात क्रियापदाची जागा दुसरी. अख्खं पोटवाक्य पहिल्या जागेवर बसलं की कर्त्याला मागे सरकावं लागतं.

आता तुम्ही न विचारलेलं, पण तुम्हाला भुलवील असं एक. ‘माझ्या मुलानं रावेरला घेतलेला ट्रॅक्टर’ याचं डच : ‘द दोर मैन झोन इन रावेर खेकोख्ते ट्रॅक्टर’. ‘द’ म्हणजे ‘तो’, ‘दोर’ म्हणजे ‘-नं’, फक्त शब्दाच्या आधी येणारा. बाकी मुलगा, रावेर, घेतलेला, ट्रॅक्टर : क्रम आपलाच! रॉटरडॅममध्ये पहिल्या वर्षी हे सापडलं तेव्हा मला माहेर भेटल्यासारखं झालं. मग काय, ज्याला त्याला तेच ऐकवायची. शेवटी शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, ‘तू नगरपालिकेच्या पत्रासारखी का बोलतेस?’ खरंच होतं. आपल्या ओट्यावर ‘घेतलेला’ दिवसातून पन्नासदा येतो. तिथे ही लांबलचक रचना कागदावरची, कचेरीतली. बोलताना ते म्हणतात, ‘द ट्रॅक्टर दी मैन झोन इन रावेर हेफ्त खेकोख्त’, म्हणजे ‘ट्रॅक्टर, जो माझ्या मुलानं रावेरला घेतला आहे’. शेवटचे दोन शब्द उलटे, ‘खेकोख्त हेफ्त’, म्हटले तरी चालतात. त्यावरून मुलीशी वाद घालू नका.

नातवाला आज ‘तर्वैल’वालं वाक्य पाठवा, लिहून नको, आवाजात. ‘रेखनन’मधला ख घशातून खरवडून काढा. त्यालाही तो हसेलच.