लग्नाचं इंग्रजी: वाचकांचे प्रश्न

'आय मॅरीड विथ अ डॉक्टर' यात चूक काय? (मुलुंड)

चूक 'विथ'ची. मराठीत लग्न कुणाशी तरी होतं, त्या 'शी'च्या जागी आपण 'विथ' बसवतो. 'मॅरी' या क्रियापदाला मात्र थेट कर्म लागतं, मधे काही नको: 'शी मॅरीड अ डॉक्टर'. 'गेट मॅरीड' किंवा 'बी मॅरीड' म्हटलं की 'टू' येतो: 'शी गॉट मॅरीड टू अ डॉक्टर'. साखरपुड्यालाही तेच, 'एंगेज्ड टू'. 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' असं कानावर येतं ते बरोबर आहे, कारण तिथे 'विथ' मुलांसाठी आहे, जोडीदारासाठी नाही.

बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाची मुलाखत आहे. लग्नाबद्दल विचारलं तर कुठल्या काळात उत्तर द्यायचं? (बोरिवली)

आधी प्रश्न नीट ऐका. 'व्हेन डिड यू गेट मॅरीड?' हा घटनेबद्दलचा प्रश्न. उत्तर साध्या भूतकाळात: 'वी गॉट मॅरीड इन 2019'. 'माय मॅरेज वॉज डन' म्हणू नका. 'लग्न झालं'चा तो शब्दशः अनुवाद आहे, इंग्रजीत तसं कुणी बोलत नाही.

'हाउ लाँग हॅव यू बीन मॅरीड?' हा आजही चालू असलेल्या स्थितीबद्दलचा प्रश्न. इथे 'वी हॅव बीन मॅरीड सिन्स 2019' किंवा 'फॉर फाइव्ह इयर्स'. सुरुवात सांगायची तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. 'वी आर मॅरीड सिन्स 2019' ही नेहमीची चूक, पण निदान अर्थ कळतो. खरा घोटाळा होतो तो 'आय वॉज मॅरीड फॉर फाइव्ह इयर्स' म्हटल्यावर. लग्न मोडलं किंवा जोडीदार हयात नाही, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. पतीच्या किंवा पत्नीच्या व्हिसासाठी गेला असाल तर हे एक वाक्य फार महागात पडू शकतं, म्हणून 'हॅव बीन' मोठ्याने म्हणून जिभेवर बसवा.

लग्न ठरलंय पण व्हायचंय? 'आय ॲम गेटिंग मॅरीड इन डिसेंबर'. ठरलेल्या बेतासाठी चालू वर्तमानकाळच सहज वाटतो.

फॉर्म स्वतः टाइप करत असाल तर 'मॅरिटल स्टेटस'चं स्पेलिंग तपासा. 'आय' आणि 'टी' यांची अदलाबदल झाली की शब्द 'मार्शल' होतो, म्हणजे लष्करी, आणि संगणकाचा स्पेलचेक ती चूक दाखवत नाही.

'मॅरेज' की 'वेडिंग'? आणि 'कोर्ट मॅरेज' म्हणावं का? (गिरगाव)

हॉल, मुहूर्त, जेवणावळ हे सगळं 'वेडिंग'. त्यानंतरचा संसार आणि कायद्यातलं नातं 'मॅरेज'. म्हणून 'वेडिंग इन्व्हिटेशन', पण 'मॅरेज सर्टिफिकेट'.

'कोर्ट मॅरेज' आपल्याकडे सगळ्यांना कळतं. तरी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखालचं लग्न न्यायाधीश नव्हे, विवाह अधिकारी लावतात. 30 दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. परदेशी माणसाला सांगताना 'सिव्हिल मॅरेज' म्हणा. वैदिक पद्धतीने लग्न लावून नंतर नोंदणी केली असेल, तर 'वी रजिस्टर्ड अवर मॅरेज' एवढंच बरोबर.

अंतरपाट, केळवण यांना इंग्रजीत काय म्हणायचं? (दादर)

मूळ शब्दच ठेवा आणि पुढे अर्थ सांगा. अंतरपाट: 'द क्लॉथ हेल्ड बिटवीन द ब्राइड अँड द ग्रूम'. केळवण: 'अ मील रिलेटिव्ज होस्ट बिफोर द वेडिंग'. 'चि. सौ. कां.'चं भाषांतर करू नका. इंग्रजी पत्रिकेत नुसतं नाव पुरतं.

नणंद, जाऊ, वहिनी सगळ्या 'सिस्टर-इन-लॉ'च का? (ठाणे)

हो, तिघींना एकच शब्द. फरक सांगायचा तर नातं फोडून सांगा: नणंद 'माय हजबंड्स सिस्टर', जाऊ 'माय हजबंड्स ब्रदर्स वाइफ'. साडूसाठी 'को-ब्रदर' भारताबाहेर सहसा कळत नाही, तिथे 'माय वाइफ्स सिस्टर्स हजबंड'. अनेकवचनाचा 'एस' पहिल्या शब्दाला लागतो, 'सिस्टर्स-इन-लॉ'. मालकी दाखवताना मात्र तो शेवटी जातो: 'माय सिस्टर-इन-लॉज वेडिंग'.