पुढचं चाक आणि घासणारा ब्रेक

प्रश्न : मुलीसाठी २४ इंची सायकल मागवली. पुढचं चाक आणि हँडल मी घरीच बसवलं. चाक फिरवलं की डावं ब्रेकचं रबर रिमला घासतं. ते सरकवलं तर उजवं घासतं. काय चुकलं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : रबर आहे तिथेच राहू द्या, आधी चाक तपासा. दहापैकी नऊ वेळा चाक चिमट्यात (पुढचं चाक दोन्हीकडून धरणारा फोर्क) तिरकं बसलेलं असतं आणि माणूस ब्रेकशी झटत बसतो.

त्याआधी एक खात्री. खोक्यात मावावा म्हणून चिमटा उलटा फिरवलेला असतो आणि कित्येक जण तो तसाच ठेवून हँडल आवळतात. ब्रेक चिमट्याच्या पुढच्या बाजूला दिसला पाहिजे. मागे असेल तर हँडल सैल करून चिमटा फिरवा.

आता सायकल चाकांवर उभी करा, उलटी नको. दोन्ही नट सैल करून हँडलवर भार द्या, म्हणजे आस दोन्हीकडे खाचेत पूर्ण वर टेकेल. आकडा असलेला वायसर चिमट्याच्या बाहेरून, नटाच्या आत येतो; आकडा चिमट्यावरच्या भोकात अडकवा. नट पुढेमागे सैल झालाच, तर चाक निसटू नये म्हणून तो असतो. नट (बहुधा १५ चा पाना लागतो) आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली की चाक पुन्हा कलतं.

टायर आणि चिमटा यांतलं अंतर दोन्हीकडे सारखं आलं, तरीही घासतंय? फेरीत एकाच जागी घासत असेल तर चाक आऊट आहे, म्हणजे रिम तिथे वाकडी झाली आहे. आरे ओढून घ्यायला मिस्त्रीकडे न्या. सतत एकाच बाजूला घासत असेल, तर व्ही-ब्रेकच्या (चाकाच्या दोन्हीकडे उभे दांडे असलेला ब्रेक) त्या बाजूच्या दांड्याच्या तळाशी स्प्रिंगचा छोटा स्क्रू असतो. तो पाव फेरा आवळा, लिव्हर दाबून सोडा, पुन्हा बघा.

रबर दाबल्यावर पूर्ण रिमवरच टेकलं पाहिजे. टायरला लागलं तर टायर कापून ट्यूब फुटेल, खाली गेलं तर आऱ्यांत घुसेल. सोडल्यावर दोन्ही बाजूंना १ ते २ मिलिमीटर जागा हवी.

शेवटी लिव्हर दहा वेळा पूर्ण ताकदीने दाबा. नवी वायर तिला दांड्यावर धरणाऱ्या बोल्टमधून सरकायची असेल तर ती इथेच सरकू द्या, उतारावर नको. दाबलेला लिव्हर हँडलला टेकत असेल तर वायर ओढून बोल्ट पुन्हा आवळा.

प्रश्न : हवा भरलेलं चाक ब्रेकच्या रबरांमधून आत जात नाही. हवा सोडावी का?

उत्तर : गरज नाही. दोन्ही दांडे हाताने जवळ दाबा आणि वायरची वाकडी नळी खोबणीतून सोडवा, ब्रेक उघडतो. चाक बसल्यावर नळी परत अडकवायला मात्र विसरू नका. नाहीतर लिव्हर मोकळाच हलेल.

प्रश्न : मुलाची बोटं लिव्हरपर्यंत पोचत नाहीत.

उत्तर : लिव्हरच्या मुळाशी बारीक स्क्रू असेल तर तो आत फिरवा, लिव्हर हँडलजवळ येतो. मग रबर आणि रिममधलं अंतर पुन्हा तपासा.