बाबांचा फ्लॅट तारण ठेवण्याआधी हे वाच

तुझं पत्र काल रात्री वाचलं. मी सध्या तीन आठवडे पुण्यात आहे, कोथरूडला आईकडे, म्हणून उत्तर इथूनच लिहिते आहे. तू तीन गोष्टी विचारल्यास. कॅनडात, व्हँकुव्हरच्या एका खाजगी संस्थेत साउंड डिझाइनचा एक वर्षाचा कोर्स करावा का? तिथे अॅनिमेशनच्या साउंडमध्ये काम मिळेल का? आणि बाबा फीसाठी धनकवडीचा फ्लॅट तारण ठेवायला निघालेत, ते पैसे घ्यावेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. घेऊ नकोस. निदान या कोर्ससाठी तरी नको.

मी २०१५ साली शिक्षणाच्याच वाटेने कॅनडात गेले, म्हणून तुला वाटतं की ताईला जमलं तर आपल्यालाही जमेल. पण तेव्हाची वाट आता राहिलेली नाही. मी सरकारी कॉलेजात दोन वर्षं शिकले, त्यावर तीन वर्षांचं वर्क परमिट मिळालं आणि त्या तीन वर्षांत पीआरचं, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचं, काम झालं. आता १ नोव्हेंबर २०२४ पासून डिप्लोमा-सर्टिफिकेटवाल्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट हवं असेल, तर कोर्सचा विषय सरकारने ठरवलेल्या यादीत असावा लागतो. पदवी आणि मास्टर्सला ती अट नाही. शिवाय ब्रिटिश कोलंबियातल्या, म्हणजे व्हँकुव्हरच्या प्रांतातल्या, खाजगी संस्थांच्या डिप्लोमावर हे परमिट मुळातच मिळत नाही. म्हणजे वर्षभर शिकशील, उत्तम स्टुडिओत बसशील, आणि वर्ष संपलं की परत. जिथे परमिट मिळतं, तिथेही एक वर्षाच्या डिप्लोमावर ते साधारण वर्षभराचंच असतं. स्टडी परमिटसाठी एका माणसाच्या राहण्या-खाण्याचे म्हणून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात (१ सप्टेंबर २०२५ पासूनचा आकडा), फी आणि विमानाचं तिकीट वेगळं. एवढ्यासाठी बाबांच्या डोक्यावरचं छप्पर अडकवायचं का, हे तूच ठरव. संस्थेचा एजंट काहीही सांगो, कॅनडा सरकारच्या यादीत संस्थेचं नाव आणि कोर्सचा विषय हे दोन्ही स्वतः शोध.

आता कामाबद्दल. तू लिहिलंस, "मला साउंड डिझाइन करायचंय, डबिंगचा कंटाळा आलाय." हे वाक्य वाचून मी थांबले, कारण तुझ्याकडे जे आहे त्याची किंमत तुला कळलेली नाही असं मला वाटतं.

शूटिंगच्या सिनेमात काहीही नसलं तरी सेटवरचा आवाज असतो. वाईट असेल, पण असतो. नटाची पावलं, खोलीचा गुणगुणाट, कपड्यांची सळसळ. अॅनिमेशनमध्ये संवाद आधी रेकॉर्ड होतात, बहुतेकदा चित्र हलायच्या कितीतरी आधी, आणि ते सोडलं तर बाकी सगळी पाटी कोरी. रिकामी खोलीसुद्धा आपणच बांधायची. प्रेक्षकाला ज्या खोलीत शांतता वाटते, त्या शांततेचे आम्ही चार-पाच ट्रॅक लावलेले असतात. आणि चित्रातल्या पात्राला वजन नसतं, ते फोली देते, म्हणजे चित्र बघत हाताने वस्तू वाजवून केलेले आवाज. एकच हत्तीचं पिल्लू, पण त्याचं पाऊल ओल्या वाळूच्या पिशवीने वाजवलं तर ते जड, दमलेलं होतं आणि बोटांच्या टोकांनी टेबलावर वाजवलं तर खोडकर. मला या कामाचं वेड लागलं ते इथेच. आजही लागतं.

पण नोकरीचं दार बहुतेक वेळा या बाजूने उघडत नाही. डिझाइन करायचं असतं सगळ्यांनाच. स्टुडिओला मात्र रोज माणूस लागतो तो संवाद नीट कापणारा, चार टेकमधून एक ओळ जोडणारा, श्वास कुठे ठेवायचा आणि कुठे काढायचा हे कळणारा. त्यातही एम अँड ई, म्हणजे संवाद वगळून उरलेला संगीत-इफेक्टचा ट्रॅक, हातात घेऊन त्यात काय राहून गेलंय हे चटकन सांगणारा. तू तीन वर्षं परदेशी मालिकांचे एम अँड ई घेऊन त्यावर हिंदी-मराठी डब मिक्स करतो आहेस. पात्र धडपडतं तेव्हाचा "आह" संवादाच्या ट्रॅकबरोबर निघून जातो आणि मराठी कलाकाराला तो पुन्हा द्यावा लागतो. पिशवी उचलल्याचा आवाज फोलीत भरायचा राहिला की डबमध्ये तिथे भोक पडतं. हे तू रोज निस्तरतोस. तिकडे जे लोक एम अँड ई बनवतात, त्यांच्यातल्या अनेकांनी तो दुसऱ्या टोकाला कधी पाहिलेलाच नसतो. ही तुझी पहिली ओळख असू दे. रीलमध्ये, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत, दोन मिनिटं डिझाइन घाल, पण त्यासोबत एक मिनिट तुझं संवादाचं काम घाल, आधीचं आणि नंतरचं.

आणि तांत्रिक शिस्त. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. एका लहान स्टुडिओत ११ मिनिटांच्या भागाचं काम होतं. चित्र सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं आलं आणि मी आवाजाचं सेशन २४ वर उघडलं. सुरुवातीला सगळं जुळत होतं. भाग जसा पुढे गेला तसा आवाज चित्राच्या पुढे पळू लागला आणि शेवटच्या दृश्यात दार लागण्याआधीच दाराचा आवाज आला. फरक हजारात एकाचा, पण ११ मिनिटांत तो दोन तृतीयांश सेकंद होतो, जवळजवळ १६ फ्रेम. दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं. चूक माझी होती, पण तिथे कुणी काही शिकवलंही नाही. पुढच्या सीझनला बोलावलं नाही, एवढंच. तेव्हापासून सेशन उघडताना फ्रेम रेट, सॅम्पल रेट आणि टू-पॉप (चित्र सुरू होण्याच्या दोन सेकंद आधीचा जुळणीचा टिक आवाज) या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय मी प्लेचं बटण दाबत नाही. लाउडनेसचे, म्हणजे आवाज सरासरी किती मोठा असावा त्याचे, आकडेही तोंडपाठ असू देत (एलकेएफएस आणि एलयूएफएस ही एकाच मापाची दोन नावं): अमेरिका-कॅनडात टीव्हीला उणे २४ एलकेएफएस, युरोपात उणे २३ एलयूएफएस, नेटफ्लिक्सला संवादावर मोजलेलं उणे २७, दोन इकडेतिकडे. मुलाखतीत हे विचारतात. शिवाय चित्र "लॉक" झालं म्हणतात आणि आठवड्याने नवं कटिंग येतं. त्याप्रमाणे सगळे आवाज पटकन आणि न चुकता पुन्हा जुळवणारा, म्हणजे रीकन्फॉर्म करणारा, असिस्टंट सगळ्यांना हवा असतो. मला टिकवलं ते या कामाने.

पुण्यात बसून तिकडचं काम का करता येणार नाही, हेही तू विचारलंस. तुरळक लोक करतात. पण ब्रिटिश कोलंबियात निर्मात्याला जे टॅक्स क्रेडिट मिळतं ते त्या प्रांतात राहणाऱ्या माणसांच्या पगारावर मिळतं. तुला दिलेला पैसा त्यांच्या हिशेबात सगळा खर्च, तिथल्या माणसाला दिलेला पैसा काही अंशी परत. म्हणूनच चित्र काढण्याचं काम भारतात येतं, पण साउंड बऱ्याचदा पैसा असलेल्या देशातच राहतो.

मग जायचं कसं? मला सरळ वाटणारी वाट फ्रेंचची आहे. तुझं काम कॅनडाच्या व्यवसाय-यादीत ५२११३ या क्रमांकाखाली येतं. पीआरसाठी गुणांवर निवड करणाऱ्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत त्या व्यवसायासाठी वेगळी निवड होत नाही, आणि २५ मार्च २०२५ पासून तिथे नोकरीच्या ऑफरचे गुणही बंद झाले. पण फ्रेंच येणाऱ्यांसाठी स्वतंत्र निवड होते आणि तिथे कटऑफ बराच खाली असतो. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही कौशल्यांत एनसीएलसी ७, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीची सातवी पातळी, लागते. सोपं नाही, नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं धर. पुण्यात फ्रेंच शिकवणारी आलियाँस फ्रांसेज आहे, संध्याकाळचे वर्ग असतात का विचार. तुझा कान तयार आहे, उच्चारात तू इतरांच्या पुढे जाशील. आणि फ्रेंच आलं की माँट्रियलही उघडतं, तिथे अॅनिमेशनही आहे आणि डबिंगही. (पीआर घेताना मात्र माँट्रियलच्या प्रांताची, क्वेबेकची, पद्धत वेगळी आहे, ती गल्लत करू नकोस.)

या दोन वर्षांत एक काम आजपासून सुरू कर: कागद. स्टुडिओकडून लेटरहेडवर पत्र, त्यात हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष काय काम करतोस हे. फ्रीलान्स करतोस त्याची बिलं, बँकेत आलेले पैसे, क्लायंटचं पत्र. आपल्याकडे बरंच काम फोनवर ठरतं, रोखीत मिटतं, आणि तीन वर्षांनी सिद्ध करायला काहीच उरत नाही. माझ्या ओळखीच्या एका उत्तम मिक्सरचं याच एका गोष्टीपायी अडलं.

बाजाराबद्दल खोटं बोलणार नाही. २०२२ नंतर स्ट्रीमिंगवाल्यांनी मुलांच्या मालिका कमी केल्या, स्टुडिओंनी माणसं काढली. माझेही दोन महिने बिनकामाचे गेले. व्हँकुव्हरला एका बेडरूमच्या घराचं भाडं महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर आहे, तेव्हा दोन महिने म्हणजे किती ते बघ. सहा महिन्यांचा खर्च हातात असल्याशिवाय विमानात बसू नकोस, आणि तो कर्जाचा नको.

आणि जाईपर्यंत रेकॉर्ड कर. हे मी मनापासून सांगते. ३२-बिट फ्लोटचा (मोठा आवाजही न फाटता नोंदवणारा) छोटा रेकॉर्डर घे आणि पुणं साठव. कसब्यात तांबट आळीत तांब्यावर पडणारी हातोडी, प्रत्येक भांड्याचा सूर वेगळा. वेताळ टेकडीवर पहाटे मोर. मंडईत दुकानं लागतानाची हमालांची हाकाटी. गणपतीआधी नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव, पण तो अगदी जवळून नको. पुलापलीकडून घे, तिथे त्याला शहर चिकटतं. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जा, कुलपं, कडी-कोयंडे, पितळी डबे वाजवून विकत घे. फाइलींची नावं युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टिम या आवाजांच्या वर्गवारीप्रमाणे दे; ती फुकट आहे आणि तिकडचे बरेच संपादक वापरतात. तयार आवाजांच्या लायब्ररीत "भारतीय बाजार" म्हणून जे मिळतं ते ऐकून मला अजून त्रास होतो, एकच हॉर्न आणि एकच घंटा कुठल्याही गावाला लावलेली. गेल्या वर्षी एका परीकथेतल्या लोहाराच्या दुकानासाठी मी तांबट आळीचा आवाज दोन सूर खाली आणून वापरला. दिग्दर्शिकेने विचारलं, ही ऐरण कुठली? मी कसबा पेठ म्हटलं आणि नकाशावर दाखवली.

येत्या बुधवारी सकाळी साडेदहाला मी तिथेच जाणार आहे, मागच्या वेळी मोठ्या बंबाचा ठोका राहिला होता. तूही ये. हेडफोन आण, आणि लॅपटॉपवर तुझं एक डबिंगचं सेशन, जे तुला सगळ्यात कंटाळवाणं वाटलं ते. चहाला बसून ते उघडू. बाबांनाही आणायचं असेल तर आण, त्यांच्याशी मी बोलते.