हुआन बेलमोन्ते कोण होते? त्यांना आधुनिक बुलफायटिंगचे जनक का म्हणतात?

कारण त्यांनी बैलासमोरून पळणं बंद केलं.

१८९२ साली स्पेनमधल्या सेव्हिया शहरात जन्मलेले बेलमोन्ते गरिबीत वाढले. त्यांच्या त्रियाना वस्तीतली पोरं रात्री ग्वादल्किव्हिर नदी ओलांडून ताब्लादाच्या कुरणात शिरायची आणि चांदण्यात, चोरून, बैलांसमोर कापड धरायची. बेलमोन्ते तिथेच शिकले.

तोवरची रीत अशी होती, की बैल अंगावर आला की माणसानं चपळाईनं बाजूला व्हायचं. बेलमोन्ते यांचे पाय कमजोर, त्यामुळे ती चपळाई त्यांच्याकडे नव्हतीच. म्हणून ते जागेवर उभे राहायचे आणि हातातल्या कापडानं बैलालाच वळवायचे. शिंगं अंगाला चाटून जायची. हा फार दिवस जगणार नाही, असं जाणकार म्हणत. मला त्यांची थोरवी इथेच दिसते: शरीराच्या उणिवेतून त्यांनी नवी शैली घडवली आणि पुढच्या सगळ्यांनी ती उचलली.

१९१३ मध्ये माद्रिदला ते रीतसर मातादोर, म्हणजे बैलाला शेवटी मारणारे मुख्य बुलफायटर, झाले. होसेलितो हे त्यांचे मोठे प्रतिस्पर्धी. या दोघांचा काळ स्पॅनिश बुलफायटिंगचं सुवर्णयुग मानला जातो. १९१९ च्या एकाच हंगामात बेलमोन्ते १०९ वेळा रिंगणात उतरले. मे १९२० मध्ये तालाव्हेरात बैलाच्या शिंगानं होसेलितो गेले, अवघ्या पंचविशीत.

बेलमोन्ते यांनाही अनेकदा शिंगं लागली, तरी ते बैलाच्या हातून मेले नाहीत. निवृत्ती, पुनरागमन, असं बऱ्याचदा झालं. एप्रिल १९६२ मध्ये, सत्तरी गाठायला काहीच दिवस उरले असताना, त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.