सायकलवर करंगळी बधिर होते? सीट आणि ग्रिप बघा

भाऊ, सायकलने संभाजीनगरहून वेरूळला जाईपर्यंत करंगळी बधिर होत असेल तर आधी सीट पुढे झुकलेली नाही ना ते बघा. तशी असेल तर कुठलीच ग्रिप हात वाचवणार नाही.

मग ग्रिप, म्हणजे हँडलच्या टोकावरची मूठ. जर्मनीतल्या कोब्लेन्ट्सच्या एर्गॉन कंपनीची ओळखच पंखासारखी रुंद ग्रिप. त्यांचं जीपी१ मॉडेल घ्या, पंजा बघून लहान किंवा मोठी. तळहाताला टेकायला जागा मिळते, करंगळीकडे जाणाऱ्या नसेवरचा दाब विभागतो. नवे लोक मात्र पंख वर उचलून बसवतात आणि मनगट मुडपतं. मनगट हाताच्या रेषेत सरळ हवं. थोडं फिरवा, चालवून बघा, मगच बोल्ट आवळा.

साधी रबरी ग्रिप चढवताना तेल अजिबात नको! दौलताबादच्या उतारावर ती हातात फिरली तर जिवावर बेतेल.

सरळ हँडल २२.२ मिमीचं असतं, त्यालाच जीपी१ बसते. जेलच्या, सिलिकॉनच्या ग्रिपांचं नंतर बघू.